पायावरची सूज कोण बघणार?

वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चेत हल्ली एक मत इतक्या सहज मांडलं जातं की त्याला कोणी हरकतही घेत नाही. हाताने तपासणं ही जुन्या पिढीची हौस आहे, असं ते मत. छातीवर बोटं वाजवून काय कळतं, एक्स-रे काढा. पाणथरी हाताला लागते की नाही यावर विद्यार्थ्यांचा अर्धा तास कशाला घालवायचा, सोनोग्राफी करा. मुलांच्या बाबतीत आणखी एक पुस्ती जोडली जाते: मूल रडतं, हात लावू देत नाही, तेव्हा रबरी पुतळ्यावरच शिकवावं, आणि पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीसारख्या तालुक्यांत विद्यार्थी पाठवून उपयोग नाही, कारण तिथं ना शिकवणारे ना सोयी.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करून टाकू. वर्षाच्या मुलाची छाती वाजवून फारसं काही हाती लागत नाही. पापणी खाली ओढून तीव्र रक्तक्षय ओळखता येतो, सौम्य बहुधा निसटतो. तिथं हिमोग्लोबिन मोजायलाच हवं. ‘अमुक सरांच्या बोटांत जादू होती’ या आठवणी निरोप समारंभात शोभतात, अभ्यासक्रम त्यांवर उभा राहत नाही. पण एवढं मान्य केल्यावर निष्कर्ष निघतो तो उलटाच. कुठली खूण भरवशाची आणि कुठली पोकळ हेच ज्याला माहीत नाही, त्याने कुठली तपासणी लिहायची हे ठरवायचं कशावरून?

तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात सहज येऊ शकेल असं एक मूल घ्या. दीड वर्षाचं, मलूल, दोन्ही पायांवर सूज. केसपेपरवर ‘पायाला सूज’ एवढंच लिहिलं तर पुढचं सगळं चुकायला रान मोकळं. दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठे तीन सेकंद दाबून धरायचे आणि उचलायचे. दोन्हीकडे खळगा राहिला आणि दाबताना मूल फारसं कुरकुरलं नाही, तर ती कुपोषणाची सूज असण्याची शक्यता मोठी. अशा मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या वर भरला तरी ते सॅमच, म्हणजे अतितीव्र कुपोषणच. तिथं सूज एकटी पुरते. मूत्रपिंडाच्या आजारातही खळगा पडतो, पण तिथं आई सांगते की सकाळी डोळे सुजलेले असतात. लघवी तपासली की उलगडा होतो.

आता दुसरं मूल. तेच वय, पायावर तशीच सूज. पण हात लावायच्या आधीच ते पाय आखडून घेतं. सूज ताठ आणि ऊन लागते, खळगा पडत नाही, एका हाताची बोटंही फुगलेली आहेत. हे सिकलसेलचं पहिलं दर्शन असू शकतं. हातापायांच्या लहान हाडांचा रक्तपुरवठा अडला की अशी सूज येते. जन्मानंतरचे पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेतं. ते ओसरलं की सहाव्या महिन्यापासून पुढे आजार डोकं वर काढतो. अशा वेळी डॉक्टरचा हात आपसूक पोटाकडे गेला पाहिजे, पाणथरी बघितली पाहिजे, भावंडांची चौकशी केली पाहिजे.

पहिल्या मुलाला भराभर सलाईन चढवलं तर ते दगावू शकतं. दुसऱ्याला नुसता पोषक आहार देत बसलं तर त्याची वेदना तशीच राहते, आणि किमान पाचव्या वर्षापर्यंत द्यायचं पेनिसिलिन सुरूच होत नाही. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत कुपोषण आहे आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेलही आहे. एकाच मुलात दोन्ही असू शकतात.

‘सगळ्यांचीच सिकलसेल चाचणी करा, प्रश्न मिटला,’ हे उत्तर ठरलेलं आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात व्यापक तपासणीच अभिप्रेत आहे आणि ती व्हायलाच हवी. पण चाचणी सांगते ती रक्तात काय आहे एवढंच. मूल आज का रडतंय, हे ती सांगत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह असलेल्या मुलालाही न्यूमोनिया होतो, खरूज होते, कुपोषणाची सूज येते. कुपोषणाच्या या सुजेचं वर्णन १९३३ साली सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानातून केलं, ते मुलं बघून आणि आयांना विचारून. तिकडे इंग्लंडातले जाणकार हा पेलाग्राच, म्हणजे आधीच माहीत असलेला जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार आहे, म्हणून वाद घालत होते. ती मुलं कोणी बघितली होती आणि कोणी नव्हती, एवढाच काय तो फरक.

बोटाच्या चिमट्याचंही तेच. पावसात भिजून आलेल्या बाळाचं बोट गार असतं, त्यात ते हात झटकतं. पल्स ऑक्सिमीटर ७८ दाखवतो. ओठ गुलाबी, नजर तरतरीत, आईच्या गळ्यातल्या माळेशी खेळ चाललेला, तर आकडा खोटा; पाऊल ऊबदार करून चिमटा तिथं लावायचा. उलट आकडा ९५, पण मूल मान टाकून पडलंय आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, तर त्या ९५ वर विसंबायचं नाही. काळ्यासावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हेही आता पुढे आलं आहे. म्हणजे यंत्र नीट वापरायलासुद्धा आधी मूल बघता यावं लागतं.

श्वास मोजणं हे तर बालरोगातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०; तेवढा किंवा त्याच्या पुढे गेला तर श्वास वेगवान. आकडे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मूल शांत व्हायची वाट बघून, अंगावरचं कापड वर करून, पूर्ण मिनिटभर मोजणारे थोडे. बाकीचे पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात, आणि तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसल्यामुळे चूकही चौपट होते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना, सुईणींनाही, हेच मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायचं साधन केलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यातून घटले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. सुईणीला जे जमलं ते साडेचार वर्षं शिकलेल्याला जमत नसेल, तर दोष शिकवण्याच्या जागेत आणि रीतीत आहे.

इथं आमच्याच बाजूच्या काही मंडळींशीही भांडण आहे. ‘आदिवासी भागात यंत्रं नसतात, म्हणून हाताची तपासणी शिकवा,’ असं ते म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला कनवाळू आणि आत अपमानकारक आहे. मुंबईच्या मुलाला सोनोग्राफी आणि डहाणूच्या मुलाला तळहात, अशी वाटणी कोणी ठरवली? डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात यंत्रं हवीत, ती चालवणारी माणसं हवीत, आणि सिल्वासा-वलसाडकडे धावणाऱ्या गाड्या कमी व्हायला हव्यात. तपासणी इथं शिकवायची त्याचं कारण निराळंच आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत मूल दोन-तीन ठिकाणांहून फिरून आलेलं असतं, निदान चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, आणि विद्यार्थी शिकतो ते ती चिठ्ठी वाचायला. चिठ्ठी नसलेलं मूल ग्रामीण रुग्णालयात भेटतं, अंगणवाडीत भेटतं.

पुतळ्यांना माझा विरोध नाही. नवजात बाळाला श्वास द्यायला पुतळ्यावरच शिकावं, जिवंत बाळावर पहिला हात साफ करू नये. रोनाल्ड हार्डन यांनी डंडीहून १९७५ साली टप्प्याटप्प्यांची परीक्षापद्धत मांडली, तिच्यामुळे परीक्षकाच्या लहरीला चाप बसला, हेही खरं. पण पुतळा पाय आखडून घेत नाही, आणि परीक्षेतला टप्पा पाच मिनिटांत संपतो. मुलाला डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने तपासायचं नसतं, हे पुतळ्यावर कधीच कळत नाही. मूल आईच्या मांडीवर गप्प आहे तोवर लांबूनच श्वास मोजून घ्यायचा, मग हृदय ऐकायचं, मग हात चोळून गरम करून पोट. घसा आणि कान शेवटी, कारण त्यानंतर रडारड ठरलेली.

१९७५ हेच आपल्याकडच्या एकात्मिक बालविकास योजनेचं, म्हणजे अंगणवाडीचं साल. तिची मुळं डहाणू तालुक्यातच आहेत. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. बालरोगाचे प्राध्यापक हा रस्ता का धरत नाहीत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्येच झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत, शाळांत जातात; त्यांच्या गाडीत दोन विद्यार्थ्यांना जागा होते.

उरतो तो सगळ्यांत गंभीर आक्षेप: गरिबांची मुलं शिकायला वापरायची, आणि शिकून डॉक्टर शहरात जायचा. हा खोडून काढता येत नाही, अटी घालून पाळावा लागतो. आजारी मुलावर उपचार आधी, शिकवणं नंतर. एका मुलाभोवती दोनच विद्यार्थी, आणि सोबत शिक्षक. आईला विचारायचं, आणि ती नको म्हणाली तर विषय संपला. जे सापडलं ते तिला समजेल असं सांगायचं, तिच्याजवळच्या कागदावर लिहायचं. कारण दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली की पुढच्या डॉक्टरला तो कागदच दिसणार.

शिक्षक कुठून आणायचे? जिल्हा निवासी योजनेखाली एमडीचे विद्यार्थी तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत असतात. त्यांच्याकडे इंटर्न सोपवा. इंटर्नशिपमध्ये बालरोगाला जेमतेम तीन आठवडे आहेत आणि समाजवैद्यकाला बारा. त्या बारांतले काही डहाणू, कासा, तलासरीच्या ओपीडीत मुलांसाठी राखा, आणि तेही पावसाळ्यात. डहाणू तालुक्यात सासवंदला आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे, तेव्हा अंतराची सबबही उरलेली नाही. अंतिम परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याची पोपटपंची ऐकण्याआधी शेजारी उभं राहून त्याला एक मिनिट श्वास मोजताना बघावं.

आणि खर्चाचा एक मुद्दा. कुपोषित मुलासोबत पोषण पुनर्वसन केंद्रात राहणाऱ्या आईला सरकार बुडीत मजुरी देतं. चिकूच्या वाडीवरचा रोज सोडून जी आई विद्यार्थ्यांसाठी तासभर जास्त थांबते, तिलाही ती मिळावी, आणि सरकारकडून नव्हे, महाविद्यालयाच्या शुल्कातून. मान्यतेच्या तपासणीला ‘क्लिनिकल मटेरियल’ भरपूर आहे म्हणून जे आकडे दाखवले जातात, त्यांत तिचं मूल मोजलेलं असतंच.