टर्फवरून थोडं पुढे, मैदानावर

मीरा रोडच्या हाटकेशमध्ये संध्याकाळी टर्फ रिकामा मिळेल तर शपथ. पोरं वर्गणी काढून तासाचे पैसे भरतात आणि खेळतात. अंगात कोणाच्या आर्सेनलची जर्सी, कोणाच्या रिआल माद्रिदची. रात्री त्याच क्लबांच्या मॅचसाठी जागरण. त्यात वावगं काही नाही. पण मुंबईच्या लीगमधली एखादी मॅच पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिली आहे का, असं विचारलं की उलट प्रश्न येतो: मुंबईत लीग असते?

असते हो. या शहरात रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. आधी तो गोऱ्या पलटणींच्याच घरी जायचा, मग १९३७ मध्ये बँगलोर मुस्लिम्सनी तो उचलला. आता ती स्पर्धा बंद पडली, पण तिच्या आठवणींचं कूपरेज मैदान जागेवर आहे आणि जिल्ह्याची लीगही चालू आहे. बँकांचे, रेल्वेचे, कस्टम्सचे संघ, जुने जिमखाने आणि हौशी मंडळींनी पदरमोड करून चालवलेले क्लब अशी सगळी सरमिसळ तिथे भेटते. आयएसएल, आय-लीग यांच्या कितीतरी पायऱ्या खाली हे सगळं चालतं, म्हणून ते टीव्हीवर दिसत नाही.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: महिन्यातला एक दिवस काढा आणि जा.

सुरुवात बांद्र्यापासून करा. मीरा रोडहून लोकल पकडायची, पश्चिमेला उतरून रेक्लमेशनला रिक्षा करायची. तिथल्या मैदानाला नेव्हिल डिसोझांचं नाव आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं, त्यात तीन गोल एकट्या डिसोझांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. हा माणूस मुंबईच्या मैदानांवर टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळायचा, म्हणजे नोकरी सांभाळून. बांद्रा बघून झालं की परळचं सेंट झेवियर्स मैदान आहे आणि चर्चगेटहून ओव्हलच्या कडेने चालत जाण्यासारखं कूपरेज आहे. वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी पुन्हा तपासा. मॅच पुढे ढकलणं, मैदान बदलणं इथे नेहमीचंच. बहुतेक वेळा तिकीट नसतं. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. सावली आणि स्वच्छतागृह यांच्याबद्दल फार आशा ठेवू नका, म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना नेत असाल तर आधी चौकशी करून ठेवा.

खेळाचा दर्जा? खोटं कशाला बोलू, पास चुकतात, शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात. पण टीव्ही जे कधीच दाखवत नाही ते इथे हातभर अंतरावर असतं. थ्रो-इन घेणारा बॅक तुमच्यासमोर उभा राहतो, ओला बॉल जर्सीला पुसतो, कोणाला द्यावा म्हणून शोधतो, आणि तेवढ्यात मागून स्टॉपर ओरडतो, "लाइन, लाइन, वर ये!" गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत असतो, हे किती जणांना माहीत आहे? कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, तुम्हाला धावायची गरज नाही. पहिली पंधरा मिनिटं बॉलकडे बघूच नका. एक खेळाडू निवडा, शक्यतो पलीकडच्या बाजूचा विंगर, आणि बॉल जवळ नसताना तो काय करतो तेवढंच बघा. टर्फवर पाच-पाच जणांत खेळणाऱ्या तुमच्या मुलाला यातून जे कळेल ते मोबाइलवरच्या हायलाइट्समधून कळणार नाही.

आपण कडेला उभं राहून कोचिंग करायचं नाही, हेही सांगून ठेवतो. "शूट कर, शूट कर" करणारे पालक ज्युनियरच्या मॅचला हमखास असतात आणि पोराची मान खाली जाते. रेफरीला शिव्या तर नकोच. बहुतेक रेफरी आठवडाभर दुसरीकडे नोकरी करून शिट्टी वाजवायला येतात.

इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांतले ९२ क्लब सोडले तर बाकी सगळे नॉन-लीग. ती छोटी मैदानं एकामागून एक बघत हिंडणारी माणसं तिथे आहेत, नवीन मैदान झालं की वहीत नोंद. २०१० पासून तिथे खास नॉन-लीग डेही पाळतात, लोकांनी आपल्या गावच्या क्लबाकडे वळावं म्हणून. तो दिवस मला पटतो, मैदानं मोजत फिरणं तितकंसं नाही. दहा मैदानं एकेकदा पाहण्यापेक्षा एक संघ धरा आणि त्याच्या दहा मॅच बघा. तिसऱ्या-चौथ्या मॅचला नावं पाठ होतात, कोणाचा गुडघा दुखतोय ते कळतं, मग ०-० सुद्धा रटाळ वाटत नाही. आणि असा धरलेला संघ टिकेलच याची खात्री नसते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. प्रेक्षक असते तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही, तो निर्णय कंपनीचा होता. पण गॅलरी रिकामी असली की बंद करताना फार विचार करावा लागत नाही.

गॅलरी भरली की काय होतं ते बघायचं तर एकदा कोल्हापूर गाठा. तिथे संघ कंपनीचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि पाठोपाठ चषक स्पर्धा होतात, तिकीट काढून हजारोंनी लोक येतात. मैदानात पेठेतली पोरं आणि त्यांच्या जोडीला आफ्रिकेतून आणलेले खेळाडू. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तिथे हुल्लडबाजीही होते, समर्थकांच्या भांडणांनी स्पर्धा अडचणीत आल्या आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिल्यांदा जाताना पाटाकडील-दिलबहारसारखी चुरशीची लढत नको, लीगमधली साधी मॅच निवडा. दोन्ही समर्थकांच्या घोळक्यांपासून लांब बसा. कोणाच्या बाजूचे म्हणून विचारलं तर मुंबईहून आलोय म्हणा, शेजारचा माणूस दोन्ही संघांची कुंडली स्वतःहून मांडेल.

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला पकडली की सकाळी कोल्हापूर. मॅच दुपारच्या असतात, त्यामुळे त्याच रात्रीच्या महालक्ष्मीने परत निघता येतं. फक्त परतीचं रिझर्व्हेशन जातानाच करून ठेवा, रविवारी रात्री ऐन वेळी जागा मिळत नाही.