अक्षर आधी हाताला कळतं

ठिपके जोडून अक्षर काढायच्या वह्या मला मनापासून नको वाटतात. थंडी पडायला लागली की दिल्ली आणि आसपासच्या शहरांत नर्सरी प्रवेशाचे दिवस येतात आणि दुकानांत या वह्यांचे गठ्ठे दर्शनी भागात लागतात. वर सफरचंदाचं चित्र, खाली ठिपक्याठिपक्यांचं अक्षर, ओळीमागून ओळी तेच. तीन-साडेतीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत आवळून, जीभ दाताखाली धरून एका ठिपक्यावरून दुसऱ्याकडे जातं. त्याची नजर पुढच्या ठिपक्यावर असते, अक्षर त्याला दिसतच नाही. पान भरतं, घरच्यांना बरं वाटतं आणि पोर हात दुखतो म्हणून रडतं.

ते दुखणं खोटं नसतं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी त्या जागी नुसती मऊ कूर्चा असते. पहिली दोन हाडं पहिल्या वर्षात धरतात, पुढची दोन साधारण दोन ते चार या वयात, मग आणखी तीन, आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. म्हणजे नर्सरीतल्या मुलाचं मनगट अजून घडतंच आहे. त्याला खांद्यापासून हात फिरवून मोठं अक्षर काढता येतं, बोटानं काढता येतं, पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं भिंतीवर काढता येतं. बारीक पेन्सिलीनं दोन रेघांच्या मध्ये बसवणं मात्र त्याला नंतर जमणार असतं, आणि आपण नेमकं तेच आधी मागतो.

रविवारी दुपारी नोएडातल्या काही मराठी घरांतली लहान मुलं माझ्याकडे येतात. आयांचं म्हणणं असतं, "ताई, इंग्रजी-हिंदी शाळेत होतंच, मराठी अक्षरं तेवढी तुम्ही गिरवून घ्या." मी त्यांना सांगते की पेन्सिल घरीच राहू द्या, जुने कपडे घालून पाठवा.

आम्ही कणकेपासून सुरुवात करतो. मीठ आणि थोडं तेल घालून घट्ट मळलेला गोळा, त्याच्या पोळपाटावर लांब वळ्या. एक वळी वाकवून कडं केलं, शेजारी दुसरी उभी चिकटवली, वर आडवी शिरोरेघ ठेवली की व झाला. त्याच कड्यात एक तिरकी काडी टाकली की ब. ती काढून काण्याच्या उजवीकडे शेपूट जोडलं की क. तसाच प, पोटात तिरकी रेघ आली की ष, शेपूट आलं की फ. एकदा हे हातांनी केलं की मुलं आपणहून शोधायला लागतात. मागच्या थंडीत एका मुलीनं र केला, त्याला व चिकटवला आणि ओरडली, "मावशी, ख!" तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

आपल्या मराठी शाळांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वर्णमाला क ख ग घ या क्रमानं म्हणायची, पण लिहायची सुरुवात ग म भ न अशी. पहिला क्रम उच्चाराचा, दुसरा हाताच्या वळणाचा. ग काढताना जो काना येतो तोच म, भ, न मध्ये येतो, म आणि भ मध्ये फरक थोडासाच, आणि हात एका वळणावरून पुढच्यावर अलगद सरकतो. इथल्या शाळांतून मुलं अ से अनार म्हणत येतात. अनार गोड आहे, पण अ हे अक्षर काढायला पहिल्याच दिवशी फार अवघड.

कणकेनंतर रव्याचं ताट. काळ्या किंवा गडद रंगाच्या ट्रेमध्ये रव्याचा पातळ थर, तर्जनीनं अक्षर, ट्रे हलवला की पुसलं. चुकलेलं काही मागे उरत नाही, म्हणून न घाबरता मूल पुन्हा काढतं. मे महिन्यात गच्चीच्या भिंतीवर पाण्यानं काढलेली अक्षरंही अशीच, उन्हात बघता बघता वाळतात. आणि खरखरीत कागदाची अक्षरं. आपल्याकडचा पॉलिश पेपर इथल्या हार्डवेअरच्या दुकानात रेगमाल म्हणून मागावा लागतो. त्यातला बारीक दाण्याचा घ्यावा, अक्षरं कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावीत. मुलानं दोन बोटं लिहायच्या दिशेनं फिरवायची आणि फिरवताना त्या अक्षराचा आवाज काढायचा. बोट, डोळा आणि कान एकाच वेळी कामाला लागतात. इंग्रजीतल्या ज्या बी आणि डी अक्षरांत मुलं हमखास घोटाळा करतात, त्यांच्यासाठी तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. डोळ्याला ती आरशातली जोडी वाटते, पण एकात आधी उभी रेघ येते आणि दुसऱ्यात आधी गोल, हे बोट विसरत नाही.

ही खरखरीत कागदाची अक्षरं मारिया मॉन्टेसरींची. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी बालघर उघडलं. आधी मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी लाकडाची सुबक अक्षरं करून घेतली होती, इथे तशी मिळेनात म्हणून कागद आणि सँडपेपर कापून काम भागवलं. मुलं नुसती बोटं फिरवत होती, लिहायला त्यांना कुणी बसवलंच नव्हतं. मग डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर त्यांनी पाचेक वर्षांच्या मुलाला खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं ते काढलं, क्षणभर थांबला आणि मला लिहिता येतं असं ओरडत फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता 'हात'. मग त्यानं 'धुराडं' लिहिलं, 'छप्पर' लिहिलं. वाचन त्या मुलांना नंतर आलं.

अलीकडच्या संशोधनानं याला चांगला आधार दिला आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. काही अक्षरं मुलांनी स्वतः हातानं काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही टाइप केली. नंतर तीच अक्षरं बघताना मेंदूतले वाचनाशी जोडलेले भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांना तसा प्रतिसाद मिळाला नाही. माझ्या मते याचं कारण असं की मोकळ्या हातानं काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, वाकडं येतं, आणि त्या सगळ्या वाकड्यांतून मूल अक्षराचं मर्म ओळखतं. फ्रान्समध्ये फ्लोरेन्स बारा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की आवाजांच्या खेळाबरोबर अक्षरं बोटांनी चाचपणाऱ्या बालवर्गातल्या मुलांना नवा शब्द फोडून वाचणं अधिक चांगलं जमतं.

महाग साधनं यासाठी लागत नाहीत, हे ताराबाई मोडकांनी आपल्या मातीत सिद्ध केलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिल्यावर आणि दादरच्या शिशुविहारनंतर त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. सोबत अनुताई वाघ होत्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. परदेशी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. त्याच्याही किती आधी आपल्या पंतोजींच्या शाळेत मुलं फळीवर बारीक धूळ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढत होती. कागद महाग होता म्हणून ते झालं हे खरं, पण हाताला त्यातून मिळत होतं ते आजच्या गुळगुळीत वहीला देता येत नाही.

स्क्रीनला तर नाहीच. १४ नोव्हेंबर २०२४ ला हवा इतकी बिघडली की दिल्लीतले प्राथमिक वर्ग ऑनलाइन करण्याची घोषणा झाली. आता दर हिवाळ्यात अशा बातमीची धास्ती असते. घरात अडकलेल्या मुलाच्या हातात मग टॅब येतो आणि काचेवर बोट फिरवून रंगीत अक्षर उमटतं. काचेला खरखर नाही, अडथळा नाही. त्याच घरातल्या स्वयंपाकघरात रवा, राजमा आणि कणीक असते.

शासनानंही कागदावर हेच म्हटलेलं आहे. प्रा. यशपाल समितीनं १९९३ मध्ये बजावलं होतं की पूर्वप्राथमिक वयात वाचन, लेखन, अंकांचा औपचारिक मारा करू नये आणि नर्सरीसाठीच्या चाचण्या-मुलाखती बंद कराव्यात. यशपाल पुढे आमच्या नोएडातच राहत, २०१७ मध्ये इथेच वारले. एनसीईआरटीनं २० फेब्रुवारी २०२३ ला तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जादुई पिटारा आणला, त्यात खेळणी, कोडी, पत्ते, गोष्टी आहेत. तरीही मी ज्या आयांशी बोलते त्यांना भीती वाटते की शेजारचं मूल लिहायला लागलं आणि आपलं मागे पडलं. त्या भीतीला मी हसत नाही. फक्त म्हणते, एक महिना कणीक आणि रवा करून बघा, मग वही काढा.

आणि जिथे पिटारा जात नाही तिथेही हे होऊ शकतं. दिल्लीच्या आसपास जिकडेतिकडे इमारती उठताहेत, मजुरांची मुलं रेतीच्या ढिगांवर वाढताहेत. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये राजघाटाजवळच्या बांधकामावर अशाच मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था झाली. इथे जाड रेतीला अजून बदरपूर म्हणतात. ती सगळ्या साइटवर पडलेली असते, वाळूचं ताट त्या मुलांना आयतंच आहे. शेजारी बसून अक्षराचा आवाज काढणारं माणूस तेवढं हवं. बिल्डरनं साइटवर पाण्याच्या टँकरइतकीच बालवाडीचीही सोय करावी, असं मला ठामपणे वाटतं.

आता पुढच्या रविवारी ल घ्यायचा आहे. शाळेतल्या हिंदी पुस्तकातला ल काण्याचा, महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातला ल दोन पाकळ्यांचा. मुलांनी विचारलंय, खरा कुठला. दोन्ही कणकेचे करू, दोन्हींवर बोट फिरवू. मग ळ, जो इथली शाळा त्यांना शिकवणार नाही. त्याच्यासाठी दोन कडी आधीच वळून ठेवली आहेत, आणि बाळ, केळं, फळा हे शब्द.