मॉडिंग म्हणजे दिवाळीची माळ नव्हे!

काचेचं कॅबिनेट विकत आणायचं, आत रंगीत पट्ट्या चिकटवायच्या आणि सांगत सुटायचं, "पीसी मॉड केला"! अहो, याला सजावट म्हणतात. (गणपतीच्या मखरासाठी निदान थर्माकोल तरी आपण स्वतः कापायचो.) त्यात समोरूनही बंद काच, म्हणजे पंख्यांनी हवा ओढायची कुठून?

मॉड म्हणजे कापाकापी. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ठरवलं, म्हणून ३०५ बाय २४४ मिलिमीटरच्या बोर्डाची भोकं कुठे येणार ते पक्कं असतं. १२० मिलिमीटरच्या पंख्याचे स्क्रूही १०५ मिलिमीटर अंतरावरच. मग प्लायवूडचा डबा घरी का नाही जमणार? बोर्डाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पितळी स्टँडऑफ, नाहीतर सोल्डरचे टाके पत्र्याला टेकून शॉर्ट.

"वेळ कुणाला आहे?" म्हणे. दुसऱ्याचं अनबॉक्सिंग तासभर बघायला आहे की!