कै. विलासराव साळुंखे यांचे खरे स्मारक

लोकसेवा करून गेलेल्या पुरुषाचे स्मरण करण्याच्या आपल्याकडे ठरलेल्या रीती आहेत. तसबिरीस हार घालावा, दोन भाषणे व्हावीत, एखाद्या चौकास किंवा सभागृहास नाव द्यावे, आणि पुढील पुण्यतिथीपर्यंत तो विषय मिटवावा. या रीतींस आमचा विरोध नाही. कृतज्ञतेस काही बाह्य खूण लागतेच. परंतु ज्याने आपल्या मागे तसबिरीहून मोठी ठेव, म्हणजे कोणासही पाळता येतील असे नियम ठेवले, त्याच्या बाबतीत केवळ हाराने भागत नाही. पाणी पंचायतीचे जनक कै. विलासराव साळुंखे हे अशा पुरुषांपैकी होते. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यास आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि कोरडवाहू मुलुखातील पुष्कळ तरुण शेतकऱ्यांस त्यांचे नाव ठाऊक असले तरी त्यांनी घालून दिलेला हिशेब ठाऊक नाही, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते. म्हणून या अंकी त्या हिशेबाचाच विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

विलासराव जातीचे शेतकरी नव्हेत. ते इंजिनियर होते, आणि अचूक मापनाची साधने तयार करण्याचा कारखाना त्यांनी पुण्यात चालविला होता. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले. तेथे दुष्काळी कामांवर खडी फोडीत बसलेली हजारो माणसे त्यांच्या दृष्टीस पडली. ही माणसे भिकारी नव्हती. ती जमिनीची धनी होती, आणि पोटासाठी दगड फोडीत होती. सरकारने काम दिले म्हणून ती जगली हे खरे. पण त्या खडीने पुढल्या दुष्काळास बांध बसणार नव्हता. जी मेहनत रस्त्याच्या दगडावर खर्च होते ती आपल्याच शेतातील माती व पाणी अडविण्यावर का होऊ नये, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. विलासरावांनी त्याचे उत्तर आपल्या अंगाने शोधावयाचे ठरविले.

नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक, उताराची, माती वाहून गेलेली जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली, आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथेच मुक्काम केला. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था स्थापिली. नायगावचे काम सांगावयास साधे आहे. वरच्या अंगास उताराला आडवे बांध घातले, ओघळी बुजविल्या, खालच्या अंगास पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खोदली, आणि त्या विहिरीचे पाणी पुन्हा वर चढवून शेतास दिले. वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. ४० एकरांवर ते ८ कोटी लिटर होते. पूर्वी हे पाणी मातीसकट ओढ्यावाटे निघून जात असे. ते सारेच हाती लागते असे नव्हे. पण त्याचा काही हिस्सा जरी जागच्या जागी मुरला, तरी एरवी बुडणारे पीक पदरात पडते. पर्जन्यछायेत सापडलेल्या पुरंदरसारख्या तालुक्यात दुष्काळाचे कारण केवळ आभाळात नसून उतारावरही आहे, हे त्या ४० एकरांनी डोळ्यांना दाखविले.

एवढ्यावर विलासराव थांबले असते तर एक उद्योगी बागाईतदार म्हणून त्यांची आठवण राहिली असती. त्यांचे मोठेपण पुढल्या पायरीत आहे. पाणी अडविल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. ज्याची जमीन विहिरीजवळ, ज्याच्या गाठीस पैसा, ज्याचा वशिला मोठा, त्याचेच पाणी, ही आपल्या गावांची चालत आलेली रीत. सार्वजनिक खर्चाने तलाव व्हावा आणि त्याच्या काठच्या चार विहिरींनी तो रिता करावा, हे दृश्य आमच्या वाचकांस नवीन नाही. विलासरावांनी गावकऱ्यांस बरोबर घेऊन या रीतीस पाच नियमांनी उत्तर दिले.

पहिला नियम, योजना एकट्यादुकट्याची होणार नाही, गटाचीच होईल. दुसरा, पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर नसून खाणाऱ्या तोंडांवर ठरेल: दरडोई अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांची कमाल मर्यादा. तिसरा, पाण्याचा हक्क जमिनीस चिकटलेला नाही; जमीन विकली तरी हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. चौथा, ज्यास जमीनच नाही त्यासही पाण्याचा वाटा आहे. पाचवा, उसासारखे बारमाही पाणी पिणारे पीक या पाण्यावर घ्यावयाचे नाही. याशिवाय योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी स्वतः घालावयाचा, आणि पाळीप्रमाणे पाणी सोडण्यासाठी गटाने आपला पाटकरी नेमावयाचा, अशीही शिस्त होती.

या नियमांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एका सभासदाची २० एकर जमीन आहे आणि घरात चार माणसे आहेत. दुसऱ्याची ३ एकर आहे आणि घरात पाच माणसे आहेत. चालू रीतीप्रमाणे पहिल्यास दुसऱ्याच्या सहापटीहून अधिक पाणी मिळाले असते. पाणी पंचायतीत पहिल्यास दोन एकरांचे व दुसऱ्यास अडीच एकरांचे पाणी मिळते. पहिल्याची उरलेली १८ एकर कोणी काढून घेत नाही. ती पावसावर पिकेल. परंतु गावाच्या मेहनतीने अडविलेले पाणी गावाच्या माणसांत वाटले जाईल, बांधांत नव्हे.

उसाच्या बंदीचा हिशेबही असाच रोखठोक आहे. उसास लागवडीपासून तोडणीपर्यंत सुमारे २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते; रब्बी ज्वारीचे सुमारे ४०० मिलिमीटरमध्ये भागते. म्हणजे एक एकर ऊस उभा राहतो तेव्हा पाच एकर ज्वारीचे पाणी तेथे जिरते. पाणी मुबलक असेल तेथे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पाणी मोजके असेल तेथे हा शेजाऱ्याच्या ताटाचा प्रश्न होतो. अचूक मापनाची साधने करणाऱ्या पुरुषाने ही गोष्ट भावनेने नव्हे तर मापाने मांडली, हे आम्ही विशेष समजतो.

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही ऐकले आहेत, आणि ते हलके नाहीत. कित्येक जमीनधारक विचारतात की, ज्याने जमीन राखली, शेतसारा भरला, बांध घातले, त्याने भूमिहीनास पाणी का द्यावे? आमचे उत्तर असे की, पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही; तो साऱ्या पाणलोटावर पडतो, गायरानावर पडतो, डोंगरावर पडतो, आणि खाली येऊन विहिरीत दिसतो. बांध घालताना भूमिहीनाचेही हात लागलेले असतात. आपल्या वाट्याचे पाणी तो खंडाने किंवा वाट्याने केलेल्या जमिनीस देऊ शकतो. त्यात जमीनधारकाचेही नुकसान नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. उसास कायद्याने ठरविलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. ज्वारी, मटकी, हरभरा यांचा भाव बाजाराच्या लहरीवर आहे. मग शेतकऱ्याने ऊस सोडावा तो कशाच्या बळावर? हा प्रश्न करणाऱ्यास लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. नियम पाळणाऱ्यास तोटा आणि मोडणाऱ्यास नफा, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली तर कोणताही नियम टिकत नाही. म्हणून आमचे मत असे आहे की, पाणीवाटपाचा नियम व कोरडवाहू मालाची खरेदी या दोन गोष्टी एकाच गाड्याची दोन चाके होत. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी कमी पाण्यावरील अंजीर व सीताफळ यांस बाजारात मान मिळवून दिला, आणि पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. यावरून कमी पाण्याचे पीक म्हणजे गरिबीचे पीक असे समीकरण नाही, हे दिसते. पण त्यासाठी संघटित विक्री पाहिजे, आणि ते काम आपल्यासारख्या संघांचेच आहे.

आता मनास लागणाऱ्या गोष्टीकडे वळू. मार्गदर्शक पुरुष गेल्यावर त्याच्या संस्थांचे काय होते? विलासरावांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या योजनांपैकी काही टिकल्या, काही थांबल्या. सामुदायिक उपसा योजना कशा थांबतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. विजेचे बिल थकते. एखादा सभासद आपली स्वतंत्र विहीर किंवा कूपनलिका घेतो आणि गटातून मनाने निघून जातो. पाटकऱ्याचा पगार राहतो. सभा भरत नाहीत. कोणी जमीन शहरातील गिऱ्हाइकास विकतो. यांपैकी कोणतेही एक कारण मोठे नसते. वडीलधारे माणूस असते तोवर त्याच्या शब्दाने ही भांडणे ओसरीवरच मिटतात. ते गेले म्हणजे तीच कचेरीच्या पायरीवर जातात. विलासरावांनी नियम केले ते एका माणसाच्या शब्दावाचून काम चालावे म्हणूनच. ते जेथे मोडले तेथे नियम खोटे ठरले असे आम्ही मानीत नाही. राखणारे कमी पडले, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

त्यांचा विचार मात्र पुरंदरापुरता राहिला नाही. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांत कै. नागनाथअण्णा नायकवडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी केली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजाराने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याचा आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा परिपाठ घातला. विलासरावांच्या पश्चात तीन वर्षांनी, २००५ साली, महाराष्ट्रात पाणी वापर संस्थांस मोजून पाणी देण्याचा कायदाही झाला. परंतु त्या कायद्यातील हक्क लाभक्षेत्रातील जमीनधारकाचा आहे. भूमिहीनाचा वाटा, जो पाणी पंचायतीचा गाभा, तो तेथे नाही. तो राखावयाचा तर गावांनी आपल्या आपसांतील ठरावानेच राखला पाहिजे.

म्हणून आमच्या संघाच्या सभासदांपुढे आम्ही तीन सूचना ठेवितो. एक, ज्या गावी सामुदायिक तलाव, बंधारा किंवा उपसा योजना आहे, तेथे पावसाळा सरल्यावर आणि रब्बीची पेरणी होण्यापूर्वी सभा भरवावी, साठ्याचे पाणी मोजावे आणि पिके त्या मापाने ठरवावीत. दोन, त्या सभेस भूमिहीन कुटुंबांस केवळ ऐकावयास नव्हे, तर वाटेकरी म्हणून बोलवावे. आरंभी दरडोई अर्ध्या एकराचा नियम जमत नसेल तर पाव एकराने सुरुवात करावी; प्रमाण मागाहून वाढविता येईल, पण हक्क पहिल्या दिवशीच मान्य झाला पाहिजे. तीन, जे गाव असा ठराव करून तो पाळील, त्या गावची ज्वारी, कडधान्ये व फळे संघाने एकत्रितपणे विक्रीस घ्यावीत, म्हणजे शिस्तीचे फळ शिस्त पाळणाऱ्याच्या हाती पडेल.

यात नवीन असे काही नाही, हे आम्ही जाणतो. नायगावच्या माळावर हे सर्व एकदा करून दाखविलेले आहे. ज्या गावी यंदा अशी एक सभा भरेल, आणि तीत सर्वांत गरीब घराचा वाटा वहीत लिहिला जाईल, त्या गावाने कै. विलासरावांची पुण्यतिथी यथायोग्य पाळली असे आम्ही समजू. अशा सभांचे वृत्तांत सभासदांनी आमच्याकडे अवश्य पाठवावेत. ते छापावयास या मासिकाची पाने मोकळी आहेत.