परदेशातील अल्पकालीन प्रेषितकार्य आणि सास्तूरची आठवण

अलीकडे आपल्या तरुण-तरुणींकडून आमच्याकडे एक विचारणा वारंवार होऊ लागली आहे. सुट्टीत दोन-तीन आठवडे आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात जाऊन एखाद्या मिशन केंद्रात सेवा करावयाची आहे, तर तयारी काय करावी? काहीजण परिचयपत्र मागतात, तर काहीजण निधीसाठी आवाहन छापण्याची विनंती करतात. इच्छा चांगली आहे आणि तिची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र उत्तर देण्यापूर्वी वाचक बंधुभगिनींनी आमच्याबरोबर धाराशिव जिल्ह्यात यावे, अशी विनंती आहे. परदेशगमनाच्या तयारीसाठी उमरगा-लोहाऱ्याची वाट कशाला, असे कोणी विचारील. बाहेरून आलेल्या सेवकांचा, पाहुण्यांचा आणि मदतीचा अनुभव या भागाने जितका घेतला, तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी कुणी घेतला असेल, म्हणून.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर ही भूकंपाने सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद, अशी तिथली घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्या भिंतीच माणसांवर कोसळल्या. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्यानंतर देशातून व परदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला आणि त्यासोबत बघ्यांची गर्दीही आली.

आम्ही त्या वेळी सेमिनरीत शिकत होतो. आमचीही एक तुकडी खोकी घेऊन निघाली. खोक्यांत जुने कपडे होते. गावात पोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला पावसात भिजलेल्या कपड्यांचे ढीग आधीच पडलेले होते. त्यांत आम्ही आपली भर घातली. पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या एका म्हातारीने आम्हाला विचारले, "लेकरांनो, जेवलाव का?" आम्ही जेवलो नव्हतो. शिधा बरोबर घ्यावा हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. तिचे घर गेले होते, घरातली माणसे गेली होती, आणि त्या दुपारी तिच्या वाट्याच्या भाकरीत आमचा वाटा झाला. ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे कुणाला सांगितली नाही.

पुढे पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने मोठा कार्यक्रम राबविला आणि बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. काम प्रचंड होते, अनेकांनी ते निष्ठेने केले, याबद्दल शंका नाही. परंतु नवी गावे शहरातील वसाहतीसारखी सरळ रेषांत आखली गेली. भावकीची घरे दूर गेली, ओसरी-अंगणाचा आडोसा गेला, जनावरे कुठे बांधायची आणि औते कुठे ठेवायची याचा विचार मागे राहिला. औसा तालुक्यातील गुबाळ येथे तर एका संस्थेने घुमटाच्या आकाराची घरे बांधून दिली. भूकंपाच्या दृष्टीने ती मजबूत होती. पण गोल भिंतीला कपाट कसे लावावे आणि शेजारी खोली कशी वाढवावी? लोकांनी पुढे आपल्या सोयीने त्यांना बांधकामे जोडली. दात्यांच्या हेतूत खोट नव्हती. राहणाऱ्याला विचारायचे तेवढे राहून गेले होते.

याच मातीतील दुसरे उदाहरणही सांगितले पाहिजे. घरांच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. अनुदान कसे मिळते, काम नीट होते की नाही, यावर गावातील बायकाच लक्ष ठेवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा या भागातील अशा स्त्रिया तिकडे गेल्या. त्यांना गुजराती येत नव्हती आणि मुक्कामही थोड्या दिवसांचाच होता. म्हणजे अल्पकाळ हा दोष नव्हे. मात्र त्या अनुभव घेऊन गेल्या होत्या. घर पडल्यावर बाईला काय वाटते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. आम्हाला ही प्रेषितयात्रेची उत्तम तयारी वाटते. त्यांच्यापैकी कुणी तिला हे नाव दिले नसेल, ती गोष्ट वेगळी.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली 'फिदेई दोनुम' या विश्वपत्रातून आफ्रिकेसाठी धर्मगुरूंची मागणी केली आणि काही वर्षांपुरते जाणेही मान्य केले. मात्र ज्याला पाठवावयाचे त्याने तिथल्या बिशपांच्या हाताखाली, तिथल्या गरजेनुसार राबावे, हे त्यात गृहीत होते. उलट बाजूने, १९६८ साली इव्हान इलिच या धर्मगुरूंनी सुट्टीत मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांच्या तोंडावर सांगितले की, तुमच्या सदिच्छेने तिथल्या गरिबांचे भले होत नाही, तेव्हा येऊच नका. इलिच यांचे टोक आम्हाला मान्य नाही. पाहायला, शिकायला जाण्यास त्यांचीही हरकत नव्हती, हे त्यांचा दाखला देणारे अनेकदा विसरतात.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बहात्तर जणांना पाठविताना दिलेली सूचना आम्हाला या बाबतीत फार व्यवहारी वाटते. थैली नको, झोळी नको, ज्या घरी उतराल तिथेच राहा आणि पुढ्यात येईल ते खा. देणारा म्हणून नव्हे, तर पाहुणा म्हणून जा, असा तिचा अर्थ आम्ही लावतो. पाहुण्याला बोलावणे लागते. म्हणून आमचा पहिला प्रश्न असा असतो की, तुम्हाला बोलाविले कुणी? तिथल्या धर्मग्रामाने, की सहल आखणाऱ्या मंडळींनी?

दुसरी गोष्ट भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे गेली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये दुभाषी म्हणून उपयोगी पडले, ते आधी तिथे राहून भाषा आत्मसात केली होती म्हणून. तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कुणी करणार नाही. पण नमस्कार, आभार, क्षमायाचना आणि ख्रिस्तशरण होताना म्हणावयाची एखादी प्रार्थना त्यांच्या भाषेत पाठ नसेल, तर मग निघण्याची घाई कशाला?

कागदपत्रांविषयी थोडक्यात. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती शासनमान्य केंद्रातच मिळते आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो. दाखल्याविना अशा देशातून परतणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. व्हिसाच्या अर्जात खरा हेतू लिहावा. आपल्या देशात पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा आहे. जो नियम आपण इकडे येणाऱ्यांना लावतो, तो तिकडे जाताना टाळण्याची पळवाट शोधणे शोभत नाही.

छायाचित्रांबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः परंडा-भूम भागात हाहाकार उडाला. शेतातली मातीच वाहून गेली. तेव्हा मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांची छायाचित्रे पाहून लोक संतापले, हे सर्वांनी वाचले आहे. आपणही संतापलो. परंतु एखाद्या आफ्रिकी बालकाला कडेवर घेऊन काढलेले आपले छायाचित्र जगाला दाखविताना आपण काय वेगळे करतो? त्या बालकाच्या आईला कुणी विचारले होते का? आमच्या मते कॅमेरा पहिले काही दिवस पेटीतच असावा.

असे लिहिले की तरुण नाराज होतात. धर्मगुरू आम्हाला घरीच बसवू पाहतात, अशी तक्रार येते. तसे नाही. प्रवासखर्चाइतकी रक्कम तिथे नुसती पाठविली तर अधिक काम होईल, हा हिशेब आम्हालाही येतो, पण तो पूर्ण नाही. माणूस माणसाला भेटण्याने जे घडते ते धनादेशाने घडत नाही. त्या म्हातारीची भाकरी खाल्ली नसती तर आम्हीही हे लिहीत नसतो. त्यामुळे परिचयपत्रे आम्ही देत राहू. फक्त मागणाऱ्याने तिथल्या धर्मग्रामाचे बोलावण्याचे पत्र सोबत जोडावे आणि त्याआधी सलग काही आठवडे आपल्याच एखाद्या दूरच्या गावी, जिथे आपले नाव कुणाला ठाऊक नाही अशा ठिकाणी, राहून यावे. परंड्याकडे पुरात गेलेल्या विहिरींचा गाळ काढण्यास आजही हात कमी पडतील असे वाटत नाही का? ज्यांच्याकडे पत्र आहे आणि गावीही राहून झाले आहे, त्यांनी लसीची तारीख लवकर ठरवावी. मुंबई-पुण्याच्या केंद्रांत आयत्या वेळी जागा मिळेलच असे नाही.