पंगतीत घडतो पाळक

चांदवडला रेणुकादेवीच्या डोंगराखाली मी वाढलो. गावात १९२८ पासून नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम आहे. त्यामुळे एकत्र राहून शिकण्याचं मोल ख्रिस्ती घरातल्या मलाही लहानपणीच कळलं. पुढे पुण्यात, बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो. १९५३ मध्ये यवतमाळला उभी राहिलेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली. तिथं ग्रीक व्याकरण वर्गात शिकलो, पण सेवा शिकवली ती खोलीतल्या मिझो सोबत्यानं. मी तापानं फणफणलो, तेव्हा त्यानं माझ्या उशाशी रात्र जागून काढली. घरबसल्या ऑनलाइन पदवी मिळेल. शेजारधर्म मिळणार नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनो, उद्याच्या पाळकाला आधी चार भाषांच्या पंगतीत बसवा.