पळून गेलेल्यांचा सातबारा

दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये सारामाका नावाचा समाज आहे. त्याच्या कुळांपैकी एक मातजाऊ, एक नासी, एक दोंबी. मातजाऊंचे पूर्वज मचादो नावाच्या मळेवाल्याकडून पळालेले, नासींचे पूर्वज नासी घराण्याच्या उसाच्या मळ्यावरून निसटलेले, तर दोंबींचे एका पाद्र्याच्या मळ्यावरचे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हे आफ्रिकी गुलाम डच मळे सोडून नदीच्या वरच्या अंगाला, धबधब्यांपलीकडच्या जंगलात शिरत राहिले. पाठलागावर येणाऱ्या फौजांशी ते कित्येक दशके लढले.

कोणते कूळ कोणत्या ओढ्याने वर आले, पहिले शेत कुठे कसले, कोणत्या वळणावर गोऱ्यांची तुकडी अडवली, हे सगळे त्यांच्याकडे तोंडपाठ असते. ते चारचौघांत मात्र सांगितले जात नाही. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमारास एखादा वयस्कर माणूस घरातल्या निवडक तरुणाला ते सांगतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी या आठवणी नोंदवून डच दप्तरांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मळ्यांची नावे, लढायांच्या जागा आणि साले थक्क व्हावे इतकी जुळली. यात नुसता इतिहासाचा अभिमान नाही. ज्या कुळाने जो ओढा आधी गाठला, त्या ओढ्याकाठची जमीन त्या कुळाची. म्हणजे हा या समाजाचा सातबाराच आहे, फक्त तो तलाठ्याच्या दप्तरात नाही.

त्यांच्या भाताचीही अशीच कथा आहे. पान्झा नावाच्या पूर्वज स्त्रीने मळ्यावरून पळताना केसांत भाताचे दाणे लपवून आणले, असे सारामाका सांगतात आणि भाताच्या एका वाणाला आजही तिचे नाव आहे. ऐकणाऱ्याला ही दंतकथा वाटेल. पण सुरीनाममधल्या पळालेल्या गुलामांचे वंशज जो काळा भात पिकवतात, त्याचा जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे जवळचे नाते पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या भाताशी निघाले. पान्झाची गोष्ट त्याने शब्दशः सिद्ध होत नाही, पण बी समुद्रापलीकडून गुलामांबरोबर आले हे तिचे सार खोटे नाही.

लढून दमलेल्या डचांनी १७६२ मध्ये सारामाकांशी तह केला. त्यांचे स्वातंत्र्य मान्य झाले. गोऱ्यांचा भरवसा कागदावर, सारामाकांचा रक्ताच्या शपथेवर; अखेर दोन्ही झाले. या तहात एक बोचरे कलमही होते. यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना परत द्यायचे, असे ते कलम. जमैकात अशाच पळालेल्या गुलामांचा नेता कुजो याने इंग्रजांशी १७३९ मध्ये केलेल्या तहातही हीच अट होती. स्वतः निसटलेल्यांनी मागून येणाऱ्यांची वाट अडवायची. या समाजांचे पोवाडे गाणाऱ्यांना हे कलम अडचणीचे वाटते, म्हणून ते बहुधा गाळले जाते. गाळू नये. ते लादणारे कोण होते आणि पर्याय काय होता, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे.

तह हाती असून पुढे काय झाले? १९६० च्या दशकात अमेरिकी अ‍ॅल्युमिनियम कंपनीला वीज हवी म्हणून अफोबाका येथे धरण बांधले गेले. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा जलाशय झाला, गावेच्या गावे बुडाली आणि सुमारे सहा हजार सारामाकांना उठवले गेले. १९९० च्या दशकात उरलेल्या जंगलात लाकूडतोडीचे परवाने वाटले गेले. गावांच्या प्रमुखांनी मग संघटना उभारली, शिकारीच्या, मासेमारीच्या, शेतीच्या जागांचा नकाशा स्वतः तयार केला आणि दाद मागितली. हे मूळ रहिवासी नाहीत, बाहेरून आणलेल्यांचे वंशज आहेत, तेव्हा आदिवासींचे हक्क त्यांना कसे, असा प्रश्न सरकारने उपस्थित केला. ज्यांना बेड्या घालून आणले त्यांनाच ‘तुम्ही इथले नाहीत’ म्हणायला फार निगरगट्टपणा लागतो. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि २८ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल दिला: हा आदिवासी समाज आहे, त्याच्या भूमीच्या हद्दी आखा आणि सामूहिक मालकी त्याच्या नावे करा. ते काम अजून पूर्ण झालेले नाही.

ब्राझीलची कथाही वेगळी नाही. तिथे १९८८ च्या राज्यघटनेने पळालेल्या गुलामांच्या वस्त्यांना, म्हणजे किलोंबोंना, जमिनीचा हक्क दिला. २० नोव्हेंबर हा किलोंबोवाल्यांचा नेता झुंबी याचा स्मृतिदिन तिथे आता राष्ट्रीय सुट्टी आहे. पण २०२२ च्या जनगणनेत मोजलेल्या सुमारे १३ लाख किलोंबोवासीयांपैकी अधिकृतपणे आखलेल्या भूमीत राहणारे साधारण आठात एक. सुट्टी जाहीर करणे सोपे, मोजणीची साखळी घेऊन शेतात उतरणे अवघड.

असे पळालेले लोक आपल्या शेजारीही आहेत. मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो, नाहीतर पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. पण बेळगावच्या खालच्या अंगाला, उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणारे सिद्दी त्या किल्लेदारांचे वंशज नव्हेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांतले कित्येक जण पळून, काही सुटका होऊन घाटावरच्या या जंगलात स्थिरावले. त्यांच्या बोलीचा पाया कोकणी, त्यात मराठी आणि कानडीची सरमिसळ. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले चढवल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानत नाहीत. शासनाला त्यांची ठळक आठवण झाली ती १९८७ मध्ये, ऑलिंपिक पदकांच्या आशेने. त्यांच्या मुलांना क्रीडा प्रशिक्षणासाठी निवडले गेले आणि काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ उजाडले. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या त्यांच्या भाईबंदांना तो मिळाला २०२० मध्ये.

ही मधली सतरा वर्षे वाया गेलेली आहेत, आणि त्याचे कारण २००६ चा वनहक्क कायदा. त्याखाली वनजमिनीवर हक्क सांगताना अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. एकाच वंशाच्या, सोयरिकीच्या दोन कुटुंबांना जिल्ह्याची हद्द बदलताच वेगळा नियम. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांची सुरक्षितता कोणाच्याही दप्तरात नाव नसण्यातच होती, त्यांच्याकडे पाऊणशे वर्षांचा कागद मागणे म्हणजे त्यांच्या पळण्याचीच शिक्षा नातवंडांना देणे होय.

खरे तर कायदा एवढा आंधळा नाही. त्याचे नियम वडीलधाऱ्यांची लेखी नोंदवलेली साक्ष पुरावा म्हणून मान्य करतात. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानेही मान्य करतात. तरी दावा तपासताना टेबलापलीकडचा माणूस शिक्क्याचा कागदच शोधत असेल, तर दोष कायद्याचा नसून त्या सवयीचा आहे. कर्नाटक सरकारने निदान एवढे करावे: बेळगाव-धारवाडकडच्या सिद्दींचे जे दावे ७५ वर्षांच्या अटीवर अडले असतील, ते पुन्हा अर्ज न मागता स्वतःहून उघडावेत आणि ग्रामसभेत म्हाताऱ्याकोताऱ्यांची साक्ष त्यांच्या बोलीत नोंदवून घ्यावी. हे काम लांबवता येणार नाही, कारण जुन्या विहिरी कोणी खणल्या हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.